‘समजलं का?’ ‘होऽऽ!’ : वर्गातल्या बोलण्याचा अर्थ लावणारं संशोधन कसं करावं

एम.एड.चा किंवा पीएच.डी.चा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायला घेतला की पहिला प्रश्न येतो, “टूल, म्हणजे माहिती गोळा करायचं साधन, कोणतं?” प्रश्नावली, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारा आकडा) ही वाट मळलेली आहे आणि काही प्रश्नांसाठी तीच बरोबर आहे. एखाद्या पद्धतीने शिकवल्यावर गुण वाढले का, हे मोजायलाच हवं. पण बाई विचारतात “समजलं का?” आणि चाळीस मुलं एका सुरात “होऽऽ” म्हणतात, तेव्हा त्या ‘हो’चा अर्थ मोजून कळत नाही. मोजलं तर चाळीसपैकी चाळीस, शंभर टक्के! तिथे अर्थच लावावा लागतो.

अर्थ लावणं म्हणजे मनाला येईल ते म्हणणं, असा समज नवख्यांमध्ये असतो आणि दुर्दैवाने काही परीक्षकांमध्येही असतो. या पद्धतीची शिस्त एका वाक्यात सांगता येते: ऐकलेल्या शब्दापासून काढलेल्या अर्थापर्यंत तुम्ही ज्या वाटेने गेलात, ती वाट दुसऱ्याला पावलापावलाने चालून बघता आली पाहिजे. वाट दाखवता आली नाही, तर ते फक्त मत उरतं. खालचं सगळं त्या वाटेबद्दल आहे.

थोडी पार्श्वभूमी, व्हायवापुरती (तोंडी परीक्षेपुरती) नव्हे

जुने धर्मग्रंथ आणि कायदे कसे वाचावेत, या प्रश्नातून युरोपात हर्मेन्यूटिक्स वाढलं. मराठीत त्याला अर्थनिर्णयशास्त्र किंवा अन्वयार्थशास्त्र म्हणतात. जर्मन विचारवंत श्लायरमाखरने (1768–1834) त्याला कोणत्याही मजकुराला लागू पडणारं रूप दिलं. जर्मन तत्त्वज्ञ डिल्थायने (1833–1911) फरक केला की निसर्गाचं स्पष्टीकरण देता येतं, माणसाला मात्र समजून घ्यावं लागतं. त्याच परंपरेतल्या गाडामरने 1960 साली मांडलेला मुद्दा शिक्षकांनी तर पाठच करावा असा आहे. पूर्वग्रह पुसून कोरं होऊन कोणीच वाचू शकत नाही. आपले पूर्वग्रह ओळखून ते पणाला लावणं एवढंच आपल्या हातात असतं. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांनी माणसाची कृतीही मजकुरासारखी वाचता येते हे दाखवलं, आणि वर्गाकडे ‘वाचण्याची’ गोष्ट म्हणून बघायला आधार मिळाला.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1973 मध्ये ‘सघन वर्णन’ (कृतीचं तिच्या संदर्भासकट आणि अर्थासकट वर्णन) ही कल्पना मांडताना तत्त्वज्ञ गिल्बर्ट राईल यांचं एक उदाहरण घेतलं. मराठीत ते आयतंच आहे: डोळा लवणं आणि डोळा मारणं. पापणीची हालचाल तीच, कॅमेऱ्यात दोन्ही सारखंच दिसेल. फरक आहे तो अर्थाचा, आणि तो कळायला कोण, कोणासमोर, कशानंतर हे माहीत असावं लागतं.

आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवावं यासाठी मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, सहा खुणा सांगितल्या: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. पाठ्यपुस्तक वाचायला त्या आजही उपयोगी पडतात, त्याकडे पुढे येऊ.

प्रश्न नीट बांधा

‘अमुक पद्धतीची परिणामकारकता’ हे शीर्षक इथे चालत नाही, कारण परिणाम मोजायचा असतो. ‘दृष्टिकोनाचा अभ्यास’ हेही फार मोघम आहे. प्रश्नात तीन गोष्टी हव्यात: कोण, कोणत्या प्रसंगात, आणि कशाचा अर्थ. उदाहरणार्थ, ‘महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतील पाचवीचे शिक्षक धडा “झाला” असं कधी म्हणतात आणि त्यातून त्यांना काय अभिप्रेत असतं?’ हा प्रश्न छोटा वाटतो. दोन महिने पुरतो.

गृहीतक, म्हणजे हायपोथेसिस, लिहू नका. त्या जागी आपल्या पूर्वधारणा लिहा. वहीचं पहिलं पान त्यासाठी ठेवा: शाळेत पाऊल टाकण्याआधी तुम्हाला काय सापडेल असं वाटतंय, ते किमान दहा वाक्यांत, स्पष्ट शब्दांत. ‘शिक्षकांना फक्त पोर्शन संपवायचा असतो’ असं मनात असेल तर तसंच लिहा, सभ्य करून लिहू नका. हे पान पुढे तीनदा उघडायचं आहे: पहिल्या आठवड्यानंतर, मुलाखती संपल्यावर आणि शेवटचं प्रकरण लिहिताना. ज्यांनी हे पान लिहिलेलं नसतं, त्यांना नेमकं तेच सापडतं जे त्यांना आधीच वाटत होतं, आणि त्यांना ते कळतही नाही.

त्याच आठवड्यात शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जुने प्रबंध चाळा. निष्कर्ष वाचू नका, परिशिष्टं वाचा. मुलाखतीचं शब्दांकन कसं जोडलंय आणि कोडिंगचा (बोलण्याच्या तुकड्यांना नावं देण्याचा) नमुना दिलाय का, एवढंच पाहा.

परवानगी आणि वेळ

मुंबई महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. खासगी अनुदानित शाळेत संस्था आणि मुख्याध्यापक दोघांचीही घ्या. तुमच्या विद्यापीठ विभागाचं आणि गाईडचं (मार्गदर्शकाचं) पत्र जोडा आणि या कामाला दोन महिने धरा. पालकांचं संमतिपत्र एका पानाचं, मोठ्या अक्षरात, त्यांच्या घरच्या भाषेत असावं. पालिका आठ भाषांमधून शाळा चालवते, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी हिंदी, भोजपुरी किंवा मालवणी बोलणारी मुलं असतात. सही पालकांची, पण मुलालाही स्वतंत्रपणे विचारा. त्याने नाही म्हटलं तर पालकांची सही असूनही ते मूल तुमच्या अभ्यासात नाही.

मुंबईत जुलैचा पहिला पंधरवडा टाळा, अतिवृष्टीच्या सुट्ट्यांनी वेळापत्रक मोडतं. जुलैअखेर ते सप्टेंबर चांगला. त्यात गणपती आणि घटक चाचणीचे दिवस वगळा. दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुसरी संधी मिळते, पुढे स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. निवडणुकीच्या वर्षी शिक्षक ड्युटीवर असतात, हे आधीच विचारून घ्या.

मुख्याध्यापकांबरोबर वर्गात शिरू नका. साहेबांसोबत आलेला माणूस म्हणजे तपासणी, हे मुलांनाही कळतं आणि शिक्षकांनाही. मग आठवडाभर तुम्हाला आदर्श पाठच बघायला मिळतात. शिक्षकांबरोबर जा, मागच्या बाकावर बसा, आणि पहिले तीन दिवस वही उघडूच नका.

नोंदी

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजव्या पानावर तुम्हाला वाटलेलं, वेगळ्या शाईत. ‘मुलं कंटाळली होती’ हे उजव्या पानाचं वाक्य आहे. ‘तिसऱ्या बाकावरच्या दोघांनी पट्टीवर पेन फिरवायला सुरुवात केली, 11.20’ हे डाव्या पानाचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या डाव्या पानावर अशी मतं घुसतात. रोज रात्री ती लाल शाईने गोल करा. दहा दिवसांत सवय लागते.

35 मिनिटांच्या तासाची पूर्ण नोंद लिहायला दीड-दोन तास जातात, आणि ती त्याच दिवशी लिहावी लागते. झोपून उठलं की बोलणं आपल्या शब्दांत बदलतं. वर्गात काय झालं हे लिहून होईपर्यंत कोणालाही सांगू नका, कारण सांगितलेली गोष्ट गोळीबंद होते आणि मग तुम्ही ती गोष्टच लिहिता. लोकलमध्ये फोनवर बोलून नोंद करणंही टाळा. डब्यात कोण कोणत्या शाळेतलं आहे, सांगता येत नाही.

मुलाखत

सहा शिक्षक, प्रत्येकी दोन मुलाखती, सुमारे 50 मिनिटांची एक, म्हणजे दहा तासांचं ध्वनिमुद्रण. एका तासाचं शब्दांकन करायला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे साठ ते ऐंशी तास नुसते टायपिंगचे. हा हिशेब न करता पंचवीस जणांच्या मुलाखती घेणारे शेवटी वरवर चाळून कामाची वाक्यं उचलतात. सहाच घ्या, पण पुरत्या वाचा.

‘तुमच्या मते रचनावाद (मूल स्वतः ज्ञान रचतं हा विचार) म्हणजे काय?’ असं विचारलंत की मुलाखतीची व्हायवा होते आणि प्रशिक्षणातली व्याख्या ऐकू येते. प्रसंग मागा: “परवा अपूर्णांकांचा तास झाला, तो मला सुरुवातीपासून सांगाल?” ‘का’ हा शब्द जपून वापरा, जाब विचारल्यासारखा लागतो. “तेव्हा मनात काय होतं?” हे बरं. उत्तरानंतर मनात पाच आकडे मोजा. त्या शांततेनंतर येणारं वाक्य बहुतेक वेळा सगळ्यात कामाचं असतं.

रेकॉर्डर पंख्याखाली किंवा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवू नका. स्टाफरूम सोयीची वाटते, पण सहकाऱ्यांसमोर कोणी मोकळं बोलत नाही. रिकामा वर्ग मागून घ्या.

शब्दांकन मराठीतच, आणि च-पण-तरीसकट

इंग्रजीत प्रबंध लिहायचा असतो म्हणून अनेक जण ऐकता ऐकताच भाषांतर करून टाइप करतात. याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘तो ढ आहे’ आणि ‘तो ढच आहे’ यांत शिक्षकाने आशा सोडली की नाही, एवढा फरक आहे. ‘तसा हुशार आहे’ मधला ‘तसा’ पुढे येणाऱ्या ‘पण’ची वर्दी देतो. ‘तो मागे बसतो’ आणि ‘त्याला मागे बसवलंय’ यांत कर्ता बदलतो. भाषांतरात हे तिन्ही फरक गळून पडतात. म्हणून शब्दांकन मूळ भाषेत, मुंबईच्या मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळीसकट करा, विश्लेषणही त्यावरच करा, आणि फक्त प्रबंधात येणाऱ्या उताऱ्यांचं भाषांतर शेवटी करा, मूळ मराठी शेजारी ठेवून.

आपोआप टायपिंग करणाऱ्या ॲपवर विसंबलात तर ती ‘हं’, ‘म्हणजे’ आणि अर्धी वाक्यं साफ करून टाकतात. पहिल्या दोन मुलाखती तरी हाताने करा.

अर्थाचं वर्तुळ: एक नमुना

अंश कळल्याशिवाय पूर्ण कळत नाही, आणि पूर्ण कळल्याशिवाय अंश कळत नाही. या दोन्हींमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करणं म्हणजे अर्थवर्तुळ. ते कसं चालतं हे दाखवण्यासाठी एक उतारा रचला आहे:

बाई: चला, अपूर्णांक झाले आपले. समजलं ना सगळ्यांना?
वर्ग (एका सुरात): होऽऽ.
बाई: कोणाला नाही समजलं?
(हात वर नाही. खिडकीजवळची मुलगी शेजारणीच्या वहीत बघते आणि स्वतःची वही मिटते.)
मुलगा: बाई, लिहून घ्यायचंय का?

पहिलं वाचन बहुतेकांचं एकच असतं: बाईंना खरं उत्तर नकोच आहे, ‘समजलं ना’ ही तास संपवायची घंटा आहे. हे लिहून ठेवा, तारीख टाका. आता अंशाकडे वळा. ‘झाले’ या क्रियापदात करणारं माणूस दिसत नाही. ‘मी शिकवले’ नाही, ‘तुम्ही शिकलात’ही नाही, अपूर्णांक आपोआप झाले. ‘आपले’ या शब्दाने मात्र दोघांनाही त्यात घेतलं. आणि मुलाचा प्रश्न? त्याच्यासाठी ‘झालं’ म्हणजे वहीत आलं. मुलीची वही मिटण्याची कृती त्याच अर्थाची असू शकते, किंवा लपवण्याचीही. इतक्यावरून ठरत नाही, म्हणून दोन्ही लिहा.

आता पूर्णाकडे जा: मुलांच्या वह्या, शाळेची वही-तपासणी, महिन्याचं नियोजन. समजा, वह्यांवर प्रत्येक घटकाखाली लाल शाईत ‘पूर्ण’ आणि सही आहे, आणि मुलाखतीत बाई म्हणतात, “वही पूर्ण नसली की पालक मलाच विचारतात ना.” हे वाक्य पहिल्या वाचनाला धक्का देतं. ‘झालं’ आता टाळाटाळ वाटत नाही. पालकांपुढे आणि वरिष्ठांपुढे शिकवल्याचा पुरावा म्हणून वही उभी राहते, आणि मुलंही तीच भाषा शिकली आहेत. हा अर्थ घेऊन पुन्हा पहिल्या ओळीवर या. ‘समजलं ना’ आता कसं ऐकू येतं?

वर्तुळ कधी थांबवायचं? नवा उतारा वाचूनही आधीचा अर्थ हलत नाही, आणि त्याच्या विरुद्ध जाणारा उतारा मुद्दाम शोधूनही त्याची नीट संगती लागते, तेव्हा. विरुद्ध उतारा शोधायचा राहिला, तर तुम्ही वर्तुळात न फिरता एकाच जागी उभे आहात.

कोडिंगचं म्हणाल, तर बोलणाऱ्याचाच शब्द कोड म्हणून ठेवा. ‘वही पूर्ण’ हे चांगलं कोड आहे, ‘उत्तरदायित्व’ हे घाईचं. घाईत मोठा शब्द लावला की त्याखालचे बारकावे पुन्हा दिसत नाहीत. आणि आठ जणांपैकी पाच जण काही म्हणाले म्हणून ‘62.5 टक्के शिक्षकांच्या मते’ असं लिहू नका. इथे किती जण म्हणाले यापेक्षा काय आणि कोणत्या संदर्भात म्हणाले, ते महत्त्वाचं.

पाठ्यपुस्तक वाचताना सहा खुणा

कोणताही एक पाठ घ्या. प्रस्तावनेचा परिच्छेद आणि स्वाध्याय शेजारी ठेवा, म्हणजे उपक्रम आणि उपसंहार. सुरुवात ‘निरीक्षण करा, विचार करा’ अशी आणि शेवट ‘रिकाम्या जागा भरा’ असा असेल, तर तुमचा पहिला निष्कर्ष तिथेच आहे. अभ्यास म्हणजे इथे पुनरुक्ती: कोणता शब्द, कोणतं चित्र पुन्हा पुन्हा येतं? अपूर्वता: आधीच्या इयत्तेत नसलेलं असं काय सांगितलंय? फल: शिकून काय साधेल असं पाठ म्हणतो? अर्थवाद म्हणजे स्तुती किंवा निंदा. ‘कष्टाळू’, ‘अज्ञानी’, ‘मागास’ अशी विशेषणं कोणाला चिकटलीत ते टिपा. उपपत्ती: मुद्दा पटवायला कोणती उदाहरणं दिली आहेत, आणि ती चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलाच्या घरातली आहेत का?

एक सावधगिरी. मीमांसकांच्या खुणा मजकुराचं एकच तात्पर्य आहे असं धरून चालतात. पाठ्यपुस्तक समिती लिहिते, त्यात दोन आवाज भांडत असू शकतात. खुणा जुळल्या नाहीत तर ओढूनताणून जुळवू नका, ती विसंगतीच नोंदवा.

सरावासाठी 2019 चा वाद उत्तम आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असं वाचन आलं. लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, यात मुलं अडखळतात, तसंच जोडाक्षरं जड जातात, ही त्यामागची भूमिका. विरोधकांना त्यात भाषेची मोडतोड दिसली, आणि विषय विधिमंडळापर्यंत गेला. त्या वेळची वर्तमानपत्रं, पुस्तकाचं पान आणि दोन शिक्षकांच्या मुलाखती एवढ्यावर महिनाभराचा सुरेख सराव होतो. कोण बरोबर हे ठरवू नका. प्रत्येकाला ‘संख्या’ म्हणजे काय वाटतं, ते शोधा.

शिकवताना

हीच शिस्त वर्गात वापरता येते. ‘कवीला काय म्हणायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर मुलं गाईडमधून देतात. त्याऐवजी ‘कोणत्या शब्दावरून असं वाटलं?’ हा एकच प्रश्न तासभर धरून ठेवा. आठवीच्या वर्गात एक म्हण घ्या, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने अर्थ लिहायचा, दहा मिनिटं चौघांच्या गटात तुलना, पंधरा मिनिटं फळ्यावर मतभेद, उरलेल्या वेळात पुन्हा एकट्याने लेखन. मुंबईतल्या, पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरातल्या मुलाला जुलैमध्ये या म्हणीत घरात शिरणारं पाणी दिसलं, तर ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. तो त्याच्या क्षितिजावरून, म्हणजे स्वतःच्या अनुभवाच्या कक्षेतून, वाचतोय. पण तिथेच सोडूही नका. लोक ही म्हण कधी वापरतात, कोणाला उद्देशून, हे विचारा. मग बचतीचा अर्थ वापरातून पुढे येतो, आणि साचण्याची दुसरी बाजूही त्याच्या शेजारी टिकते. पहिलं आणि दुसरं लेखन एकाच पानावर घ्या, काय बदललं ते मुलांनाच अधोरेखित करू द्या.

व्हायवा आणि त्यानंतर

“सँपल इतकं लहान का?” हा प्रश्न येणारच. गुणात्मक संशोधनाचे अभ्यासक लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये दिलेले चार निकष इथे कामाला येतात: विश्वासार्हता, अन्यत्र लागू पडण्याची शक्यता, भरवशाचं सातत्य आणि पुष्टीयोग्यता (निष्कर्ष पुराव्यावरून तपासता येणं). नुसती नावं सांगू नका, प्रत्येकापुढे तुमच्या हातातला पुरावा ठेवा. शिक्षकांनी शब्दांकन वाचून केलेल्या दुरुस्त्या, शाळेचं सघन वर्णन, तारखांसह नोंदवही, आणि पूर्वधारणांचं ते पहिलं पान. त्या पानावरचं कोणतं वाक्य शेवटी खोटं ठरलं, हे सांगता आलं तर परीक्षक पुढे ऐकतात.

शिक्षकांना शब्दांकन दाखवताना अर्थही दाखवा, पण त्यांना तो पटला नाही म्हणून लगेच पुसू नका. त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत अर्थाच्या शेजारी छापा. शाळेचं नाव बदलणं पुरत नाही. ‘धारावीतली एकमेव अमुक माध्यमाची शाळा’ असं लिहिलंत की नाव सांगितल्यासारखंच आहे.

प्रबंध सादर झाल्यावर ध्वनिमुद्रणं संमतिपत्रात लिहिलेल्या मुदतीत पुसून टाका, फोनमधली आणि क्लाउडवरचीही. शाळेला दोन पानांचं मराठी टिपण द्या, जाडजूड प्रत नको. ते आधी त्या सहा शिक्षकांना वाचायला द्या, आणि मुख्याध्यापकांकडे नंतर.